सांगणाऱ्याला दंड नाही

१२ जानेवारी

दाजी,

नमस्कार लिहिला असं समजा, पुढचं महत्त्वाचं आहे.

हे पत्र चामडं घेऊन येणाऱ्या टेम्पोच्या ड्रायव्हरकडं दिलंय. आधी माल उतरवून घ्या, मग वाचा. नाहीतर रागाच्या भरात चामड्यासकट परत पाठवाल आणि तुमच्याच मशिनी बसून राहतील. फोन तुम्ही उचलत नाही. मीही आता करत नाही. तेवढी लाज मला आहे, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जरा जास्तच.

मी कुठं आहे ते सांगतो. ज्या कंपनीच्या बॅगांना तुम्ही हँडलं करून देता, त्याच कंपनीत. तुमचा कारखाना सोडल्यावर मध्ये दोन-तीन ठिकाणी टिकलो नाही. पायाला भिंगरी आहे हे तुम्हीच म्हणायचा, तर भिंगरी फिरत फिरत इथं येऊन पडली. आधी गोदामात माल उतरवायला होतो. एक दिवस खोकी उतरवताना दोरीची गाठ दिसली आणि हात थांबला. ताईची गाठ. दोनदा फिरवून टोक आत खोचते ती. खोकं फोडलं, एक हँडल तळव्यावर घेतलं, आणि तपासणीच्या टेबलावरच्या माणसाला म्हटलं, हे रात्रभर टांगलेलं आहे. तो हसला. हँडल काय कपडे आहेत का टांगायला, म्हणाला. मग त्याला सांगितलं की हा कारखानदार प्रत्येक हँडल शिवून झालं की हुकाला अडकवतो, खाली वाळूची पिशवी बांधतो आणि सकाळपर्यंत सोडत नाही. जे ताणायचं ते तिथंच ताणतं, जे उसवायचं ते तिथंच उसवतं. प्रवाशाच्या हातात काही होत नाही.

ही गोष्ट फिरत फिरत बाईंच्या कानावर गेली. बाई म्हणजे आमच्याकडं बाहेरून जे जे करून घेतात, चेन, चाकं, कुलपं, हँडलं, त्या सगळ्याच्या मुख्य. त्यांनी मला टेबलावर बसवलं, आणि महिन्याभरानं म्हणाल्या, तू आमचा आणि बाहेरच्या कारखान्यांचा दुवा हो. दुवा म्हणजे काय, तर दोन्हीकडच्या शिव्या झेलायच्या आणि पलीकडं गोड करून पोचवायच्या. लग्न जुळवणाऱ्याचंच काम, फक्त जेवण मिळत नाही.

पुढच्या महिन्यात तुम्हाला बैठकीला बोलावणं येईल. या. धुतलेला शर्ट घाला. पुतण्याला आणू नका, तो मध्येच बोलतो. बाई तुम्हाला खुर्ची देतील, तर तिच्यावर बसा. कटिंगच्या टेबलावरची जी खुर्ची मला द्यायचं कबूल करून तुम्ही पुतण्याला दिलीत, तशी ही नाही, ही खरोखर देतात. "मेहुण्याला दिली ओसरी, मेहुणा हातपाय पसरी," म्हणाला होतात, आणि सगळे हसले होते. मशीनवाल्यांचं हसणं मी समजू शकतो, त्यांचा पगार होता. ताई पण हसली होती. तिला आठवत नसेल.

तुमचा,
हातपाय पसरून बसलेला मेहुणा

९ फेब्रुवारी

दाजी,

बैठक झाली ते बरं झालं. तुम्ही घरी गेल्यावर ताईला काय सांगितलंत माहीत नाही, म्हणून मी काय बघितलं ते लिहितो. ती विचारेल तेव्हा ताडून घ्या.

तुम्ही खुर्चीवर बसायच्या आधी ती रुमालानं पुसलीत. धूळ नव्हती. तुमच्या पँटवर होती, ती खुर्चीला लागू नये म्हणून पुसलीत. माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मी कुणाला सांगितलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत दोघांना सांगितलं फक्त.

बाईंनी आपले कागद आधी उघडले, हे मात्र तुम्ही कबूल करा. हँडलवर कंपनीचा खर्च किती, बॅग विकून सुटतं किती, सगळं तुमच्यासमोर ठेवलं. मी इतक्या बैठकांमध्ये चहा फिरवलाय, असं कुणाला करताना बघितलेलं नाही. मग तुमची पाळी आली तर तुम्ही कागदावर हात ठेवून बसलात. आम्हाला वाटलं खाली काही लपवलंय. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "देणाऱ्याला पिळलं की तो पिळलेलाच माल देतो. मला तो नको आहे." तेव्हा तुम्ही हात काढलात.

नियम तुमच्यासमोरच ठरले. हिशेब दोन्हीकडचा उघडा. काम सुधारून जे वाचेल ते निम्मं निम्मं. काम न विचारता तिसऱ्याला द्यायचं नाही. आणि काही बिघडलं तर ते दडवायचं नाही, लगेच कळवायचं, सांगणाऱ्याला दंड नाही. हे शेवटचं बाईंनी दोनदा म्हटलं, कारण तुम्ही पहिल्यांदा ऐकून खिडकीकडं बघत होतात.

बाहेर आल्यावर तुम्ही मला बाजूला घेतलंत आणि विचारलंत, यात मेख कुठं आहे. दाजी, मेख मी पण शोधली होती. माझ्यासारख्या माणसाला मेख लगेच सापडते. सापडली नाही. म्हणून म्हटलं, मेख नाही. तुम्ही सही केलीत.

आता एक. वरून येताना हिशेबाच्या माणसानं तुम्हाला विचारलं, हा तुमच्या ओळखीचा का. तुम्ही म्हणालात, "होता आमच्याकडं कामाला." एवढंच. जिना उतरताना मला वाटलं मागे वळून काही म्हणाल. तुम्ही बूट बघत उतरलात. कामाला होतो हे खोटं नाही, मी तक्रार करत नाही.

ताईला सांगा, मी जाड झालोय.

तुमच्याकडं कामाला असलेला

२ मार्च

दाजी,

गडबडीत लिहितोय. प्रवासाचा हंगाम येतोय, म्हणून बैठकीनंतर लगेच ऑर्डर दुप्पट करायची ठरली. तेव्हा बाईंनी मला विचारलं, तुझ्या त्या कारखान्याला झेपेल का, की वेळ वाढवून देऊ, खरं सांग. मी म्हटलं, झेपेल म्हणजे काय, त्यांना विचारायचीसुद्धा गरज नाही. तुमचं वजन वाढवलं की नाही? उगाच मेहुण्याला नावं ठेवू नका.

माल वेळेवर येतोय. सगळे खूश आहेत. फक्त मला एक हिशेब लागत नाही. तुमच्या खोलीच्या दोन भिंतींना हूक आहेत, तिसऱ्या भिंतीला खिडकी आणि चौथीला दार. त्या हुकांवर किती हँडलं मावतात ते मी रोज संध्याकाळी टांगून शिकलोय. आता येतात ती त्याच्या दुप्पट. भिंती बाळंत झाल्या का?

मी काही म्हणत नाही. परवा एका लॉटमधलं हँडल हातात घेतलं तर शिवण तुमची वाटली नाही. पण शिवण बघून सही करणारा मी कोण? मी दुवा. शिक्का मारून आत पाठवलं.

ताईची गाठ आता खोक्यावर नसते. कुणीतरी दुसरंच बांधतं, साधी गाठ. तिला बरं नाही का?

कळवा किंवा नका कळवू.

४ एप्रिल

दाजी,

तुमचं पत्र मिळालं. म्हणजे शब्द तुमचे, अक्षर ताईचं. तुम्ही बोलताय आणि ती लिहितेय हे दिसतंच, कारण तुम्ही "नालायक" म्हणाला असाल तिथं तिनं "लहान भाऊ" असं केलंय.

तुम्ही लिहिलंय ते पुन्हा मांडतो, म्हणजे मला नीट समजलं का ते तुम्हाला कळेल. ऑर्डर दुप्पट झाली तेव्हा नाही म्हणायची तुमची हिंमत झाली नाही. इतकी वर्षं नाही म्हणणाऱ्याचं काम दुसऱ्याकडं गेलेलं बघितलंय, म्हणून. मग निम्मी शिवण समोरच्या गल्लीत टोप्या शिवतो त्या टोपीवाल्याला दिलीत. त्याच्याकडं हूक नाहीत आणि सकाळपर्यंत थांबायचा धीर तर त्याला जन्मात नव्हता. माल तसाच आला. आता तुम्ही त्यातली चार हँडलं उरलेल्या खोक्यातून काढून टांगलीत तर दोन सकाळी जमिनीवर. बाकीची आमच्या गोदामात, काही बॅगांना लागलीसुद्धा. तुम्हाला झोप नाही. ताई जेवत नाही. काय करू, असं विचारलंय.

दाजी, तुम्ही मला आयुष्यात पहिल्यांदा सल्ला विचारलाय. चहा घेणार का, हेसुद्धा तुम्ही ताईला विचारायचा, "त्याला चहा हवा का बघ." म्हणून हे पत्र मी तीनदा वाचलं.

तर ऐका. लिहून टाका. सगळं. टोपीवाल्याचं नाव, कधीपासून दिलं, कोणकोणते लॉट, किती टांगले आणि किती नाही. दडवलंत आणि एखाद्या स्टेशनात कुणाच्या हातातून बॅग पायावर पडली, तर तुम्ही संपलात. सांगितलंत तर नियम आहे. तुमच्यासमोर ठरलेला नियम आहे. दोनदा म्हटलेला. बाईंची बैठक आठवा, कागद आधी कुणी उघडले ते आठवा. मग घाबरता कशाला?

पत्र बाईंच्या नावानं लिहू नका. नावानं लिहिलं की ते घरगुती वाटतं. "खरेदी विभाग प्रमुख" असं लिहा. खुर्चीला लिहिलेलं बरं असतं.

खाली ताईनं स्वतःची एक ओळ घातलीय, तुम्ही बघितली नसेल. "हे ऐकत नाहीत. म्हणतात, सांगून कुणाचं भलं झालंय. तू सांग, मग मी त्यांना तसंच करायला लावते."

तिला सांगा, हो. तसंच कर.

तुमचा मेहुणा

१५ एप्रिल

दाजी,

बातमी चांगली नाही. उभ्यानं वाचत असाल तर बसून घ्या.

तुमचं पत्र पोचलं. फार चांगलं लिहिलंय. ताईनं नवा कागद घेतला, समास सोडला. बैठकीत मोठ्यानं वाचलं गेलं. खुर्चीवर आता नवे साहेब आहेत. बाई कुठल्याशा दुसऱ्या कंपनीत गेल्या, अचानकच. साहेबांनी पत्र वाचताना दोनदा चष्मा काढून पुसला. शेवटी "आपला विश्वासू" आलं तेव्हा एक जण हसला, मग बाकीचे. मी हसलो नाही. म्हणजे तोंड हसलं, पण आवाज केला नाही.

साहेब म्हणाले, इतक्या वर्षांच्या नोकरीत पुरवठादारानं स्वतःच्या हातानं दोर वळून, फास करून, वर टाकायला फांदीही दाखवावी, असं पहिल्यांदाच बघतोय.

मी मध्ये बोललो. खरंच बोललो, ताईची शपथ. म्हटलं, साहेब, सांगणाऱ्याला दंड नाही असा नियम आहे. ते म्हणाले, "आहे ना. दंड कुठं करतोय मी? दंड एक पैशाचा नाही. काम बंद करतोय." करारात काम तिसऱ्याला न देण्याचं कलम आहे, ते तुम्ही मोडल्याचं तुमच्याच सहीनं आलंय. सगळा माल परत येणार. टांगलेला आणि न टांगलेला वेगळा करायला इथं कुणाला वेळ नाही, तेव्हा सगळाच. चामडं कापायचे डाय, पट्ट्या आणि उरलेलं चामडं कंपनीचं आहे, ते कंपनी घेऊन जाईल.

दाजी, तुम्ही खरं बोललात. त्याबद्दल इथं तुम्हाला कुणीही नावं ठेवत नाही.

टोपीवाल्याला कळवलंत का? त्याला आधीच कळलं असेल. त्यानं काल इथं फोन केला होता, मला थेट काम मिळेल का म्हणून. साहेबांनी त्याला नाही म्हटलं. तेवढंच समाधान.

मला वाईट वाटलं. दुपारचा चहा अर्धा टाकून दिला.

२१ एप्रिल

दाजी,

तुम्ही गेटवर आला होतात ते मला माहीत आहे. रखवालदारानं वर फोन केला तेव्हा मीच उचलला. मी म्हटलं, बाहेरगावी गेलाय म्हणून सांग. त्यानं तसंच सांगितलं आणि तरी तुम्ही गेलात नाही. समोरच्या पंक्चरवाल्याच्या बाकावर बसलात, मांडीवर डबा. ताईचाच डबा, झाकणाला पोचा आहे तो. मला वरून सगळं दिसत होतं. तुम्ही डबा उघडला नाहीत. पंक्चरवाल्याला गाडी लावायला जागा हवी होती म्हणून तुम्हाला दोनदा उठवलं, तुम्ही दोनदा उठलात. आपल्या कारखान्यात तुम्हाला कुणी उठवल्याचं मी बघितलेलं नव्हतं. मी बघत राहिलो. खोटं कशाला बोलू, मला हलता येईना इतकं ते बघत राहावंसं वाटत होतं.

आणि रखवालदार तुमच्याशी बोलला. तो कुणाशीही बोलतो. आता तुमचं पत्र आलंय, या खेपेला अक्षर तुमचं स्वतःचं, ओळी वर चढलेल्या. एकच प्रश्न आहे. बाईंचा निरोप समारंभ मार्चच्या शेवटच्या दिवशी झाला असं तो म्हणतो. तू मला चार एप्रिलला लिहिलंस. तुला माहीत होतं का.

आधी मी लिहिलं होतं की नव्हतं माहीत. तो कागद फाडला. कारण तुम्ही पुन्हा येऊन रखवालदाराला विचाराल आणि तो सांगेल की निरोपाला खुर्च्या मी लावल्या आणि कप मी उचलले. बाईंनी जाताना माझ्याशी हात मिळवला, म्हणाल्या, दुवा सांभाळ. मी म्हटलं, हो.

तर होतं माहीत.

पण मला सांगा, मी खोटं काय लिहिलं? सांगून टाका म्हटलं. ते चूक होतं का? टोपीवाल्याची हँडलं तुटून बॅगा लोकांच्या पायांवर पडू द्यायच्या होत्या का? नियम आहे म्हटलं. तो आहेच, अजून भिंतीवर लावलेला आहे, काचेत. बाई खुर्चीवर आहेत असं मी कुठंही लिहिलेलं नाही, काढून बघा माझं पत्र. तुम्ही तसं वाचलंत. बाईंचा नियम तुम्हाला कंपनीचा नियम वाटला. मलाही वाटायचा. पण तो बाईंच्या पर्ससारखा होता, उठताना त्या घेऊन गेल्या. त्यांच्या जागी जो बसला त्याला कुणी विचारलंच नव्हतं की बाबा, तुला हे मान्य आहे का. दोन्हीकडचे कागद उघडले, हिशेब उघडला, सगळं उघडलं, आणि बाई उठल्यावर उघडे फक्त तुम्ही राहिलात.

नवे साहेब एक एप्रिलला आले, त्याच दिवशी त्यांनी मला बोलावलं होतं. हँडलं घरातच करायची आहेत, म्हणाले, बाहेरच्यांचे लाड पुरे. करार मोडायला निमित्त हवं. आणि टांगायची ती युक्ती कुणाला येते. मी म्हटलं, मला. त्यांनी शेडचा एक कोपरा दिलाय, दोन भिंती. हुकांचं काम चालू आहे. माझ्या नावाची पाटी नाही अजून, पण टेबल आहे.

निमित्त मला शोधावं लागलं नाही, दाजी. ते माझ्या दारात चालत आलं, ताईच्या अक्षरात. मी फक्त दार उघडं ठेवलं.

तुम्ही मला तेव्हा कटिंगच्या टेबलावर बसवलं असतं तर आज मी तुमच्या बाजूला बसून टोपीवाल्याला शिव्या दिल्या असत्या आणि कंपनीला आणखी महिना मागितला असता. बाईंनी तो दिला असता. फेब्रुवारीत त्यांनी मला स्वतः विचारलं होतं, वेळ वाढवून देऊ का. तुम्हाला ते सांगितलं होतं मी. वाचून तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. मेहुण्याला कशाला विचारायचं.

तुमचा पुतण्या परवा इथं आला. तुम्हाला न सांगता आलाय, तेव्हा ओरडू नका त्याला. मी त्याला ठेवला. कटिंगलाच. खुर्ची नाही, उभ्यानं.

तुम्हालाही जागा आहे. हँडलवर चामडं गुंडाळताना तुमचा अंगठा जसा फिरतो तसा इथं कुणाचा फिरत नाही, माझाही नाही. या वाटलं तर. इथं सगळे मला आडनावानं हाक मारतात.

२८ एप्रिल

दाजी,

हे पत्र ड्रायव्हर फक्त तुमच्या हातात देईल, असं त्याला बजावलंय. तुम्ही स्वतः वाचा.

येत्या मंगळवारी दुपारी मी गाडी घेऊन येतोय. डाय, पट्ट्या आणि चामडं न्यायला. डाय पुसून, तेल लावून एका जागी ठेवा. चामड्याचे तुकडे वेगळे बांधा, साहेब तुकडेही मोजून मागतात. परत आलेला माल तुमचा आहे, त्याचं तुम्ही काय करायचं ते करा, पण मी आत येईन तेव्हा तो दारासमोर नको. माझ्याबरोबर दोन माणसं असतील. ती बोलतील, तुम्ही बोलायला जाऊ नका. सही जिथं सांगतील तिथं करा. वाचून करा म्हटलं असतं, पण वाचून काही फरक पडणार नाही.

जागेवाल्यानं नोटीस दिल्याचं पुतण्या म्हणत होता. वर राहता तीही खोली त्यातच आली का, ते त्याला माहीत नव्हतं. मी विचारलं नाही पुढं.

आता दुसरं. ताईचं पत्र आलंय. वेगळं, तुम्हाला न दाखवता पाठवलेलं. त्यात शिव्या असतील म्हणून मी ते दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. शिव्या नाहीत. लिहिलंय, "ते पत्र पाठवायला तयार नव्हते. मी म्हटलं, माझा भाऊ मला बुडवायचं सांगणार नाही. मग त्यांनी सही केली. आता ते घरात बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही. तू येणार असशील तर ये. जेवून ये म्हणत नाही, इथंच जेव." बाकी काही नाही. गेटवर तुम्ही बसून राहिलात हे तिला माहीत आहे की नाही तेही कळत नाही त्यातून. तुम्ही सांगितलंत का? सांगितलं नसेल तर आता सांगा. तिनं असं पत्र लिहायला नको होतं.

म्हणून मंगळवारी तिला कुठंतरी पाठवा. दवाखान्यात, बाजारात, कुणा मैत्रिणीकडं, कुठंही. दुपारभर. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही, दाजी, नीट समजून घ्या. ती दारात उभी असेल तर मी गाडीतून उतरणार नाही. मी उतरलो नाही तर काम दुसरा माणूस करेल. तो साहेबांचा खास आहे, त्याला तुमचं काही देणंघेणं नाही. भिंतीतले हूक तुमचे आहेत हे त्याला माहीत नाही, आणि मी गाडीत बसलेला असेन तेव्हा त्याला सांगायला कुणी नसेल. तो ते उपटून नेईल, मागे नुसती भोकं राहतील. तेव्हा तुमच्याच भल्याचं सांगतोय.

सगळी तयारी करायला वेळ आहे. अजून चार दिवस आहेत.

मी येतोय हे तिला सांगू नका. तिनं विचारलंच, तर म्हणा, कंपनीचा कुणी माणूस येणार आहे.